आमच्या परसातील उन्हाळी फळभाज्या

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोचच वाटला. ज्याने उभी हयात ज्वारी, गहू, तूरडाळ आणि हरभरा यांच्या पोत्यांत काढली व मॅट्रिकच्या पलीकडे ज्याची विद्या गेली नाही, त्याने लिहावे तरी काय? बाजारभावांविषयी लिहावे, तर स्मरणिका सभासदांच्या हाती पडेपर्यंत ते शिळे होणार. करपद्धतीविषयी लिहावे, तर त्या विषयातील जाणकार आपल्या संघात पुष्कळ आहेत. अखेर आमच्या सौभाग्यवतींनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, "अहो, पेढीवरून आल्यावर ज्याच्याविषयी रोज तासभर बोलता, त्याविषयीच लिहा की!" यास्तव आमच्या परसाचा हा प्रपंच वाचकांपुढे मांडीत आहोत. ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा अद्याप शिल्लक आहे, अशा व्यापारी बंधुभगिनींस त्याचा काही उपयोग झाला तर आम्हांस समाधान वाटेल.

आमची पेढी बेळगावच्या रविवार पेठेत आणि घर शहापूर भागात. पुढे रस्ता, मध्ये जुने चौकाचे घर व मागे २ गुंठ्यांचे परस, असा थाट आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आलेला. परसात एक आड आहे आणि आडाच्या पलीकडे आमच्या तीर्थरूपांनी १९७४ साली लावलेले हापूसचे कलम आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर वसलेले असल्यामुळे येथील उन्हाळा सोलापूर-कलबुर्गीकडील आप्तांस थट्टेचा विषय वाटतो. परंतु भाजीपाल्यास तोच मानवतो. ऊन चांगले तापते, रात्र पुष्कळशी थंड होते आणि एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या दोन-चार सरी हमखास येऊन जातात. माती तांबडी, पाणी धरून न बसणारी. शेणखत पोटभर मिळाले की ती काहीही पिकविते. बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्यास जाते ती काही उगीच नव्हे.

परसात काय लावावे हे सांगण्यापूर्वी काय लावीत नाही ते सांगणे सोपे. बटाटा, रताळे, गाजर, मुळा, कांदा, लसूण यांस आमच्याकडे वाफा नाही, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. बेळगाव परिसरातील बटाटा नावाजलेला असून आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांचे संसार त्यावर उभे आहेत, तथापि आमच्या घरी तो कधी शिजला नाही. वांगी बहुबीज म्हणून मातोश्रींनी कधी लावू दिली नाहीत व पुढे आम्हांसही त्यांची चव लागली नाही. एवढे सर्व वगळूनही जे उरते ते एका कुटुंबास आटोपत नाही. भेंडी, गवारी, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी, पडवळ, घोसाळे, पोकळा, तांबडी भाजी, कलिंगड, खरबूज, पपई, लिंबू अशी ही यादी लांबतच जाते.

प्रथम बियाण्याविषयी. याबाबतीत आमची एक फजिती झाली, ती लपविण्यात अर्थ नाही. आम्ही धान्याचे व्यापारी. दाणा दाताखाली धरला की त्याच्या आवाजावरून माल किती वाळला आहे हे आम्ही सांगतो, आणि मूठभर गहू तळहातावर पसरला की तो कोणत्या बाजूचा हे ओळखतो. असे असूनही २०१७ साली एका दुकानातून गवारीच्या बियाण्याचे रंगीत पाकीट आणले व विश्वासाने तीन वाफे पेरून मोकळे झालो. दहा दिवस झाले, बारा झाले, तीन वाफ्यांत मिळून पाच-सहा रोपे वर आली. आमच्या पेढीवरील एक वृद्ध हमाल मूळचे शेतकरी. ते वाफ्याकाठी उभे राहून म्हणाले, "सावकार, ज्वारी घेताना पोत्यापोत्यांत सळई घालून बघता, आन् बी घेताना नुस्तं पाकिटावरचं चित्र बघितलासा व्हय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाकिटावरील मुदत वर्षापूर्वीच संपली होती व ती आम्ही वाचलीदेखील नव्हती.

त्या दिवसापासून परीक्षेवाचून बी मातीत टाकावयाचे नाही, असा आमचा नियम आहे. परीक्षा सोपी आहे. तागाच्या जुन्या बारदानाचा तुकडा भिजवून पिळावा, त्यावर मोजून २० बिया मांडाव्या, वळकटी करून स्वयंपाकघरात उबेस ठेवावी आणि रोज थोडे पाणी शिंपडावे. भेंडी, गवारी, काकडी यांचा निकाल पाच-सहा दिवसांत लागतो. २० पैकी १६ मोडावल्या तर बी उत्तम, १२ मोडावल्या तर दाट पेरावे, त्याहून कमी असतील तर त्या बियाण्याचा नाद सोडावा. मात्र असे बाद झालेले बी पाखरांस टाकू नये. पाकिटातील गुलाबी किंवा हिरव्या रंगाच्या बिया औषध चोळलेल्या असतात, पुण्य करावयास जावे आणि चिमण्यांचा घात व्हावा असे घडेल.

घरी बी धरण्याची ज्यांस हौस आहे त्यांनी संकरित वाणाच्या मागे लागू नये. संकरित वेलाचे फळ पहिल्या वर्षी डोळे दिपविते, परंतु त्याचे बी धरून पेरले की दुसऱ्या वर्षी नाना तऱ्हेची पोरे निपजतात. सरळ वाण घ्यावे. भेंडीत बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेची अर्का अनामिका किंवा परभणी कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती, या दोन्ही हळद्या रोगास बऱ्यापैकी टिकतात. गवारीत पुसा नवबहार, कारल्यात राहुरीचे हिरकणी, कलिंगडात अर्का माणिक अथवा जुने शुगर बेबी. सरळ वाणातही एक दक्षता हवी. एकदा आम्ही चिबूड आणि खरबूज शेजारी शेजारी लावले आणि दोहोंचे बी धरले. हे दोघे एकाच जातकुळीचे असल्याने मधमाश्यांनी त्यांची सोयरीक केव्हाच जमवून टाकली होती. पुढील वर्षी जे फळ आले ते धड चिबूडही नव्हते आणि खरबूजही नव्हते. काकडी मात्र खरबुजाच्या शेजारी निर्धास्त लावावी, त्यांचा असा संकर होत नाही.

पेरणी संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागली की सुरू करावी व महाशिवरात्रीपर्यंत आटोपावी. त्याआधी घाई केली तर बी थंडीने मातीतच बसून राहते, आणि फार उशीर केला तर वेल भर फळांवर असताना मृगाचा पाऊस गाठतो. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून, ओळींत दीड फूट आणि झाडांत फूटभर अंतर ठेवून टोकावे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फूल दिसते. मग एक दिवसाआड तोडणी करावयाची, यात आळस चालत नाही. परगावी लग्नास जाऊन चार दिवसांनी परत यावे तो भेंडी काठीसारखी झालेली असते. पालेभाज्यांविषयी फार लिहीत नाही. पोकळा, तांबडी भाजी, कोथिंबीर थोड्या थोड्या जागेत दर पंधरा दिवसांनी फेकीत राहावे. उन्हाळ्यात कोथिंबिरीस थोडी सावली लागते, ती आम्ही दुधीच्या मांडवाखाली देतो.

आता वेलभाज्यांकडे वळू, कारण आमचा खरा जीव तेथे गुंतलेला आहे. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते. उन्हाळ्यात जेवण उरकूनही बराच उजेड शिल्लक असतो. ती वेळ आम्ही परसात काढतो, आणि नेमकी तीच दोडक्याच्या फुलण्याची वेळ. दिवसभर मिटलेल्या फिकट पिवळ्या कळ्या सायंकाळी पाचच्या पुढे उमलू लागतात. अंधार पडू लागला की दुधीची पांढरी फुले उघडतात. पडवळाच्या फुलास तर कडेने झालरीसारखे पांढरे तंतू असतात, ते रात्रीच पाहावे. याउलट काकडी, कारले आणि घोसाळे सकाळी फुलतात. दोडका व घोसाळे एकमेकांचे सख्खे भाऊ, परंतु एक संध्याकाळचा आणि दुसरा सकाळचा! हे आम्ही पन्नाशीपर्यंत कधी पाहिले नव्हते, कारण ताटातील दोडका कधी फुलतो हा प्रश्नच आम्हांस पडला नव्हता.

या फुलण्याच्या वेळेस व्यवहारी महत्त्व आहे. वेलास प्रथम केवळ नरफुले येतात. नवशिक्या माणसास वाटते की वेल वांझ निघाला. आठ-दहा दिवस धीर धरावा. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. हल्ली शहरात मधमाश्या आणि पतंग कमी झाल्याने कित्येक मादीफुले तशीच पिवळी पडून गळतात. त्यावर उपाय म्हणजे ताजे नरफूल तोडावे, पाकळ्या बाजूस साराव्या आणि आतील पराग मादीफुलास हलकेच टेकवावा. दुधी व दोडक्याचे हे काम तिन्हीसांजेस, काकडी-कारल्याचे सकाळी आठच्या आत. आमची नात या कामात इतकी तरबेज झाली आहे की मांडवावरील प्रत्येक दुधी ती आपल्या नावावर लावते.

फळ धरले की फळमाशीची गाठ पडते, आणि येथे आमच्यासारख्या धान्याच्या व्यापाऱ्याची मोठी पंचाईत होते. ही माशी कोवळ्या कारल्याच्या अथवा काकडीच्या सालीत अंडी घालते. वरून सुईच्या टोकाएवढे भोक दिसते, आत अळ्या होतात, फळ वाकडे होऊन सडते आणि अळ्या मातीत उतरून तेथे कोश करतात. त्यातून पुन्हा माश्या निघतात. पहिल्या वर्षी आमची निम्मी कारली अशी गेली. औषधांच्या दुकानात विचारले तर त्यांनी फवारणी सांगितली व गंधाने ओढून माश्या मारणारे सापळेही दाखविले. ते आम्ही आणले नाहीत. किडलेली फळे सौभाग्यवतींनी परसाच्या एका कोपऱ्यात नेऊन टाकली, कारण त्यांच्याने ती अळ्यांसह पुरवेना. पंधरा दिवसांत माश्या दुप्पट झाल्या.

अखेर असा मार्ग काढला की माशीस अंडी घालण्याची संधीच द्यावयाची नाही. फूल सुकून फळ बोटाएवढे होताच त्यास पिशवी बांधावी. प्रथम आम्ही वर्तमानपत्राच्या दुहेरी पिशव्या केल्या, पण वळवाच्या पहिल्या सरीने त्यांचा लगदा केला. मग घरातील जुनी, विरलेली, पाणी गाळण्याची फडकी सौभाग्यवतींनी काढली आणि वीतभर ते हातभर लांबीच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या. कारल्यास लहान, दोडक्यास लांब. देठाशी नाडी सैल बांधावी, करकचून बांधली तर फळ पोसत नाही. उमलल्यापासून तिसऱ्या दिवसाच्या आत पिशवी चढली पाहिजे, पाचव्या दिवशी बांधणे म्हणजे चोर आत घेऊन कुलूप लावणे होय. दोडका आठ-दहा दिवसांत आणि कारले सुमारे पंधरा दिवसांत तोडणीस येते, तेव्हा त्याच पिशव्या धुऊन पुढच्या फळांस वापरता येतात. पन्नास पिशव्यांत आमचा उन्हाळा निघतो. गेली काही वर्षे दहा फळांत फार तर एखादे किडते.

एका सायंकाळी आम्ही अशाच पिशव्या बांधीत असता सौभाग्यवती म्हणाल्या, "येथे माशी मरू नये म्हणून नाड्या बांधता, आणि वखारीत काय चालते?" त्यांनी सहज म्हटले असेल, पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आपल्यापैकी धान्याचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे की साठवलेल्या गव्हास आणि ज्वारीस सोंडा व पोरकिडा लागतो, व माल वाचवावयाचा तर थप्पीवर ताडपत्री ओढून गॅसच्या गोळ्यांची धुरी द्यावी लागते. एका धुरीत किती जीव जातात त्याची गणती नाही. आम्ही स्वतःची समजूत अशी घालीत आलो होतो की श्रावकास संकल्पी हिंसा वर्ज्य आहे, उद्योगी हिंसा पूर्णतः टळत नाही, ती होता होईल तो कमी करावी. हे शास्त्रास धरून आहे यात संशय नाही. परंतु 'होता होईल तो कमी' यातील आमचा वाटा आम्ही किती उचलला होता? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर काहीच नाही. सालात दोनदा धुरी देण्याची रूढी वडिलांपासून होती, ती आम्ही चालविली.

हा विषय कदाचित तेथेच राहिला असता. परंतु २०२२ साली आमच्या थोरल्या चिरंजीवांनी परसात वखार बांधण्याची गोष्ट काढली. भाड्याच्या वखारीचे भाडे वाढतच होते आणि घरामागे २ गुंठे जागा भेंडी-काकडीत अडकून पडली होती. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. वहीत मांडला तर आमच्या साऱ्या परसाचे वर्षाचे उत्पन्न त्या भाड्यापुढे नगण्य ठरे. आम्ही चार दिवस घरात नीट बोललो नाही. मातोश्री त्या वेळी हयात होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "आंब्याला हात लावू नका. बाकी तुम्ही बापलेक काय ते बघा." शेवटी पूर्वेकडील १ गुंठा वखारीस द्यावयाचा, आड व आंबा यांकडील १ गुंठा राखावयाचा असे ठरले, आणि पाया चार हात मागे घेतला. तो चार हातांचा तोटा चिरंजीव अजून अधूनमधून बोलून दाखवितात.

वखार उभी राहिली आणि खरा पेच पुढे आला. पहिल्याच वर्षी हरभऱ्याच्या थप्पीस धुरी देण्याची वेळ आली. धुरी देणाऱ्या परवानाधारक माणसाने बजावले की हा वायू मनुष्यास प्राणघातक आहे, आठवडाभर इकडे कोणी फिरकू नये. दिवस मार्च अखेरचे होते, मांडवावर दुधी लटकत होते आणि नात रोज संध्याकाळी परसात जाण्याचा हट्ट धरी. तो आठवडा आम्ही मागील दाराला कुलूप घालून काढला. कुलूप उघडले तेव्हा भेंडी जून झाली होती, पाण्यावाचून काकडीचे वेल माना टाकून बसले होते. चिरंजीवांनी ते पाहिले व त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. पुढे दिवाळीनंतर त्यांनीच आपण होऊन सांगितले की परसातील वखारीत यापुढे पंधरा दिवसांहून अधिक काळ माल ठेवणार नाही. नवा, कडक वाळलेला माल यावयाचा, चाळणी मारून पुढे जावयाचा. किडीस बस्तान मांडण्यास अवधीच मिळत नाही, म्हणून तेथे धुरीही लागत नाही. याची किंमत आहे. हंगामात स्वस्त घेऊन ठेवावे व तेजीत काढावे, हा जो आपल्या धंद्यातील नफा, तो त्या वखारीपुरता आम्ही सोडला. बाजारातील वखारीत मात्र धुरी अजून चालते. तेथे आम्ही ती दोनाऐवजी एकदा देतो, याहून अधिक काही केल्याचा दावा आम्ही करीत नाही.

वखारीच्या भिंतीने सकाळचे ऊन अडविले, म्हणून भेंडी आता पश्चिमेस सरकली. परंतु त्याच भिंतीवर सुतळीचे जाळे ताणून आम्ही दोडका व पडवळ चढविले आहेत आणि इतकी उत्तम जागा त्यांस पूर्वी कधी मिळाली नव्हती.

फळांपैकी कलिंगड हा उन्हाळ्याचा राजा. त्यास जागा फार लागते. आम्ही आता चारच वेल लावतो आणि एका वेलावर तीनहून अधिक फळे ठेवीत नाही. जानेवारी अखेरीस लावलेल्या वेलाचे फळ ऐंशी-नव्वद दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात पिकते. पिकले कसे ओळखावे यावर घरोघरी वाद होतात. आमच्या मते एकाच खुणेवर विसंबू नये. फळाच्या देठाजवळील बाळी वाळलेली असावी, जमिनीस टेकलेला पांढरा डाग पिवळसर झालेला असावा आणि बोटाने टिचकी मारता टणटण न वाजता भरीव, बद्द आवाज यावा. तिन्ही खुणा जुळल्या तरच सुरी लावावी. फळ पक्व होऊ लागले की पाणी कमी करावे, नाही तर गोडी उतरते व साल तडकते. गोव्यात बार्देशातील पर्रा गाव कलिंगडांसाठी नावाजलेले आहे. मडगावास दिलेल्या आमच्या कन्येने एकदा तिकडचे बी पाठविले होते, परंतु आमच्या मातीत ते रमले नाही. तिनेच पाठविलेले तवशाचे बी मात्र वळवाच्या पावसावर छान रुजते व त्या मोठ्या काकडीची तवसळी घरात सर्वांस आवडते.

पपई अवश्य लावावी, पण एक रोप लावून फळाची वाट पाहत बसू नये. देशी वाणात नर व मादी झाडे वेगळी असतात आणि फूल येईपर्यंत भेद कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपे लावून पुढे विरळणी करावी. तैवानच्या रेड लेडी वाणात हा घोळ नाही. लिंबू हे उन्हाळ्यात सोन्याच्या भावाने विकते, पण उन्हाळ्यात फळ हवे असेल तर झाडास हस्त बहार धरावा लागतो. बेळगावचा लांबलेला पाऊस त्या वेळी झाडास ताण बसू देत नाही, म्हणून आमचे लिंबू नेमके नको तेव्हा लगडते.

आंब्याविषयी दोन शब्द. हापूसचे झाड एक वर्ष भरभरून देते आणि दुसऱ्या वर्षी रुसते, तो त्याचा स्वभावच आहे. फळात साका होऊ नये म्हणून मार्चपासून झाडाखाली भाताचे पिंजर जाड पसरतो. तापलेल्या जमिनीची धग फळांस कमी लागते व साका पुष्कळ घटतो. फळ झाडावर पूर्ण पिकू न देता थोडे आधी, देठासह उतरवावे. हे झाड आम्ही शाळेत असताना वडिलांनी लावले, खड्डा खणताना आम्ही पाणी ओतले होते. त्यावरील पहिल्या पाटीतील आंबे आजही प्रथम बस्तीत जातात.

पाण्याची गोष्ट सांगितल्यावाचून उन्हाळी बागेची गोष्ट पुरी होत नाही. बेळगाव शहराची तहान राकसकोप आणि हिडकल येथील जलाशयांवर भागते. २०२३ चा पावसाळा कर्नाटकात फार तोकडा झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात नळाचे पाणी आठवड्याने येऊ लागले. आडातील पाणीही कमरेइतके उरले. शेजाऱ्यांस पिण्यास पाणी पुरत नसता आपण दुधीस बादल्या ओताव्या, हे मनास पटेना. त्या वर्षी कलिंगड लावलेच नाही. उरलेल्या वेलांच्या मुळाशी मातीची मडकी पुरली, त्यांच्या बुडास बारीक भोक पाडून कापडाची वात बसविली व तोंडावर झाकण ठेवले. एका मडक्यातील पाणी दोन-तीन दिवस पुरे. वाफ्यांवर जुनी बारदाने आणि पिंजर अंथरले. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी पपईस दिले. आश्चर्य असे की कारली नेहमीइतकीच लागली. म्हणजे इतकी वर्षे आम्ही निम्मे पाणी वाया घालवीत होतो.

२०२० सालच्या टाळेबंदीत या परसाने जे दिले ते मात्र हिशेबात धरता येत नाही. आमची पेढी अत्यावश्यक मालाची म्हणून उघडी होती, पण भाजीबाजार विस्कळीत झाला होता. तेव्हा २ गुंठे अखंड होते. शेजारची पाच घरे दोन महिने आमच्या परसातील भेंडी-दोडक्यांवर होती.

मे महिन्यात सर्व वेल एकदम भरास येतात आणि घरात खाणार किती! येथे आपल्या जुन्या बायकांचे शहाणपण कामी येते. आषाढात चातुर्मास लागला की अनेक घरांत हिरव्या पालेभाज्या बंद होतात, अष्टमी-चतुर्दशीस तर हिरवे मुळीच नाही. त्या दिवसांची तरतूद वैशाखातील उन्हातच व्हावी लागते. कोवळी गवारी मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून, कारल्याच्या चकत्या मीठ लावून, धान्याच्या स्वच्छ ताडपत्रीवर तीन-चार दिवस कडक वाळवावी. शेंग मोडताना 'कट्ट' वाजली पाहिजे. येथे आमची धान्याची परीक्षा उपयोगी पडते व सौभाग्यवती तेवढ्यापुरते आमचे मत विचारतात. मृगाच्या आत बरण्या भरून झाल्या नाहीत तर दमट हवेने सर्व बुरसते. नेम ज्या घराचा त्या घरी, काय चालते व काय नाही ते वडीलधाऱ्यांस विचारून करावे.

बी धरण्यासाठी प्रत्येक वेलाचे एक उत्तम फळ आम्ही आरंभीच दोरा बांधून राखून ठेवतो, शेवटचे उरलेसुरले धरीत नाही. ते वेलावरच वाळू देऊन, बी काढून, राखेत घोळून काचेच्या बाटलीत ठेवतो. यंदा दोडका, दुधी, गवारी आणि परभणी क्रांती भेंडीचे बी घरच्या गरजेहून अधिक निघाले आहे. बारदानात २० पैकी १७-१८ मोडावल्याचे पाहूनच पुड्या बांधल्या आहेत. ज्या सभासदांस हव्या असतील त्यांनी संक्रांतीच्या आधी कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर पेढीवर यावे. मूल्य नाही. मात्र येताना रिकामी बाटली आणावी, आणि पुढील वर्षी तितकेच बी परत आणून द्यावे, ते दुसऱ्या कोणास उपयोगी पडेल.